दोन ओळींमधली जागा

कॉलेजच्या फाटकासमोर डीटीपीचं एक दुकान आहे. पीकविम्याचे अर्ज, लग्नपत्रिका, सातबाराच्या झेरॉक्स आणि अधूनमधून आम्हा मास्तरांचे शोधनिबंध, सगळं एकाच संगणकावर निघतं. माझ्या एका विद्यार्थिनीचा निबंध जर्नलला पाठवायचा म्हणून गेल्या पावसाळ्यात आम्ही तिथं बसलो होतो. मी सूचना वाचून दाखवत होतो : दोन ओळींत दुप्पट अंतर, चारही बाजूंना इंचभर समास, तक्ते आणि आकृत्या शेवटी वेगळ्या पानांवर, प्रत्येक ओळीला क्रमांक. टाइप करणारं पोरगं थांबलं आणि म्हणालं, "सर, येवढी जागा खाली सोडून कागद कायले नासवता?"

कागद नासायचा प्रश्नच नव्हता, फाईल ऑनलाइन जायची होती. पण मग जागा तरी कशाला सोडायची?

उत्तर जुन्या छापखान्यात सापडतं. मॅन्युस्क्रिप्ट म्हणजे हातानं लिहिलेलं. संगणकावर टाइप केलेल्या मजकुरालाही आपण अजून हस्तलिखितच म्हणतो. टाइपरायटर आल्यावरही संपादकाचं काम हातानंच चालायचं. तो ओळींच्या मधल्या जागेत शब्द बदलायचा, समासात कंपोझिटरसाठी खुणा करायचा आणि तोच कागद छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला जायचा. चित्रांचे ब्लॉक वेगळे बनायचे, तक्त्यांची जुळणी वेगळी व्हायची, म्हणून ते शेवटी सुट्या पानांवर. माझ्या गाइडच्या काळी कार्बन घालून तीन प्रती काढत. तिसरी इतकी पुसट निघायची की ती बिचाऱ्या कोणत्या समीक्षकाच्या, म्हणजे छापण्याआधी निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञाच्या, वाट्याला जात असेल असं वाटायचं. मग रजिस्टर पोस्ट, आणि सहा-आठ महिने पोस्टमनची वाट. छापखाना बदलला, जागा राहून गेली. ओळींचे क्रमांक मात्र आजही खरोखर कामाचे आहेत, कारण समीक्षक "ओळ ११२ मधला दावा तपासा" असं लिहितो.

विज्ञानाची नियतकालिकं सुरू झाली १६६५ साली. जानेवारीत पॅरिसचं 'जुर्नाल दे सावाँ' निघालं, मार्चमध्ये लंडनचं 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'. दुसऱ्याचा संपादक हेन्री ओल्डेनबर्ग हा रॉयल सोसायटीचा सचिव. शोध लावणारे तेव्हा एकमेकांना पत्रं लिहीत आणि कोणी आधी काय शोधलं यावरून भांडत. तारखेसह छापलेलं पत्र हा त्या भांडणावरचा तोडगा ठरला. निबंधावर "प्राप्त" आणि "स्वीकृत" अशा दोन तारखा आजही छापतात त्याचं मूळ या भांडणात आहे.

आपल्या भागातलं संशोधन परदेशी छापखान्यापर्यंत कसं पोहोचलं, हे पाहायला स्टीफन हिस्लॉपकडे जावं लागतं. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं आहे तेच हे स्कॉटिश मिशनरी. १८४५ मध्ये नागपुरात आले. धर्मप्रसार आणि शाळा हे त्यांचं काम, पण नजर सारखी जमिनीकडे. टाकळीच्या माळावर काळ्या बेसाल्टच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या शंखांचे जीवाश्म सापडतात. ते त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी गोळा केले. नागपूर परिसराचा भूगर्भ आणि जीवाश्म यांवरचा या दोघांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात छापून आला. नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचली १८६७ मध्ये. म्हणजे कागद काय नि दगड काय, आधी समुद्रापर्यंत जनावरांच्या पाठीवर किंवा गाडीवर आणि मग जहाजानं. दगड सोबत पाठवावेच लागत, कारण नुसत्या वर्णनावर लंडनमधल्या तज्ज्ञांनी विश्वास का ठेवावा? नागपूरच्या दक्षिणेकडच्या मांगली इथली एका प्राचीन उभयचराची कवटी अशीच तिकडे गेली आणि प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी तिचं वर्णन केलं. आज जर्नल "मूळ डेटा जोडा" म्हणतं तेव्हा मला ते दगडांचे खोके आठवतात.

हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना नाल्याच्या पुरात बुडाले. भादव्यातला नाला घोड्यालाही ऐकत नाही, हे इथल्या कोणालाही सांगावं लागत नाही. मध्य प्रांतातल्या आदिवासींविषयीची त्यांची टिपणं मागे राहिली. मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी ती संपादून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. गोंडांच्या आदिपुरुषाचं, लिंगोचं गीत त्यात आहे. अर्धवट टिपणं दुसऱ्याच्या हाती पडली तरी त्याला ती लावता आली पाहिजेत, हे मी विद्यार्थ्यांना या गोष्टीवरून सांगतो. ते मान डोलावतात आणि फायलींना "नवीन", "नवीन वन" अशी नावं देत राहतात.

समीक्षकाकडून तपासणी, म्हणजे पीअर रिव्ह्यू, ही प्रथा मात्र आपण समजतो तितकी जुनी नाही. ओल्डेनबर्ग बरंचसं स्वतःच ठरवत. रॉयल सोसायटीत लेखी अभिप्राय मागवायला सुरुवात झाली १८३०च्या दशकात, पण पुढची शंभर वर्षं सगळीकडे तसं नव्हतं. १९३६ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू'च्या संपादकानं आइनस्टाइन यांचा गुरुत्वीय लहरींवरचा निबंध समीक्षकाला दाखवला. आइनस्टाइन रागावले आणि निबंध परत मागवला. छापण्याआधी तो तज्ज्ञांना दाखवायची परवानगी आपण दिलीच नव्हती, असं त्यांचं म्हणणं. चूक समीक्षकानं बरोबर पकडली होती, आणि निबंध पुढे दुरुस्त होऊन दुसरीकडे छापला गेला. 'नेचर'नं तर प्रत्येक निबंधासाठी बाहेरची समीक्षा १९७३ मध्ये सक्तीची केली.

इथं थोडं विषयांतर. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या तेव्हा ते एकेका शिष्याकडे गेले, ऐकलेलं लिहून घेतलं आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतलं, असं परंपरा सांगते. 'लीळाचरित्र' तसं तयार झालं. त्याला पीअर रिव्ह्यू म्हणायचं धाडस मी करणार नाही. पण लिहिलेलं जाणत्याच्या नजरेखालून जावं ही गरज इथल्या मातीला परकी नव्हती, एवढं म्हणायला हरकत नसावी.

निबंधाचा आजचा साचा, म्हणजे प्रस्तावना, पद्धत, निरीक्षणं, चर्चा, हा विसाव्या शतकाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर निबंधांचा पूर आला आणि वाचणाऱ्याला हवं ते ठरलेल्या जागी सापडावं ही निकड झाली. १९७२ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेनं या रचनेला प्रमाण ठरवलं. संदर्भांचंही तसंच. एका जर्नलनं नाकारलेला निबंध दुसरीकडे पाठवताना अख्खी यादी नव्या पद्धतीनं पुन्हा टाइप करावी लागे, टायपिस्टांचे हाल. १९७८ मध्ये काही वैद्यकीय संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले आणि सर्वांसाठी एकच नमुना ठरवला. ती व्हँकुव्हर पद्धत.

या चार भागांतला 'पद्धत' हा भाग आमच्याकडे सगळ्यात उरकून लिहिला जातो. खरं तर खेड्यातल्या संशोधकाची सगळी पत त्यावरच उभी असते. गडचिरोलीत १९८६ मध्ये बंग दांपत्याचं 'सर्च' हे आरोग्य-संशोधनाचं काम सुरू झालं. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा निबंध १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात आला : वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी, ९२ टक्क्यांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के. आकडा इतका मोठा की लंडनमध्ये बसलेल्या वाचकानं तो सहज नाकारला असता. कोणाला तपासलं, कसं तपासलं, कोणत्या खुणेवरून आजार ठरवला, हे लिहिलं होतं म्हणून तो उभा राहिला. १९९९ मध्ये डॉ. अभय बंग यांचा घरोघरच्या नवजात बालसेवेवरचा निबंध तिथंच आला. ३९ गावांत सेवा आणि तुलनेसाठी ४७ गावं. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा दावा त्या ४७ गावांशिवाय कोणी ऐकून घेतला नसता.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठातली पोरं हे वेगळ्या भाषेत शिकतात : आरबीडी (वाफ्यांचे गट पाडून चिठ्ठ्यांनी केलेली मांडणी), तीन रिप्लिकेशन (पुनरावृत्ती), ५ टक्क्यांवर सीडी (फरक निव्वळ योगायोगाचा नाही असं म्हणायला लागणारं किमान अंतर). ते ५ टक्के संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्याकडून आले. इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड केंद्रात शेतीप्रयोगांच्या आकड्यांवर काम करताना त्यांनी ही हिशोबाची रीत घडवली आणि १९२५च्या आपल्या पुस्तकातून जगभर पोहोचवली. कपाशीच्या वाफ्यांची चिठ्ठ्या टाकून मांडणी करताना हे सांगितलं की पोरांचे डोळे चमकतात, मग पुन्हा सीडी काढायला बसतात.

आता अलीकडचा भाग, आणि तो फार अभिमानाचा नाही.

२००९ मध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, नियम केला की पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी एक निबंध समीक्षित जर्नलमध्ये छापलेला हवा. २०१० मध्ये प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआय ही गुणपद्धत आली. प्रत्येक निबंधाला गुण. हेतू वाईट नव्हता. पण ज्या कॉलेजात प्रयोगशाळेला पाणी टँकरनं येतं, ग्रंथालयात एकही संशोधन जर्नल येत नाही, तिथल्या माणसाला बढतीच्या, म्हणजे प्लेसमेंटच्या, फाइलीसाठी निबंध हवेत म्हटल्यावर बाजार उभा राहणारच. आयएसएसएन क्रमांक मिळाला की जर्नल "आंतरराष्ट्रीय". आयएसएसएन हा नियतकालिकाची ओळख पटवणारा क्रमांक, दर्जाचा शिक्का नाही, हे स्टाफरूममध्ये कितीदा सांगितलं असेल. माझाही एक निबंध अशाच ठिकाणी छापला आहे. संध्याकाळी पाठवला, तिसऱ्या दिवशी स्वीकारल्याचं प्रमाणपत्र आलं, सोबत पैसे भरायचा तपशील. ना समासाची अट, ना संदर्भांची, ना एखादा प्रश्न. तेव्हा मला ते सोयीचं वाटलं होतं.

२०१७ मध्ये यूजीसीनं मान्य जर्नलांची यादी काढली, तीस हजारांहून अधिक नावांची. २०१८ मध्ये त्यातली ४,३०५ वगळली. विद्यापीठांच्या शिफारशीनं यादीत शिरलेल्या जर्नलांची छाननी त्याच वर्षी 'करंट सायन्स'मध्ये छापून आली. तपासलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत असा तिचा निष्कर्ष. २०१९ मध्ये तिच्या जागी 'केअर' नावाची नवी यादी आली, तिचं काम पुण्याच्या विद्यापीठाकडे. मग त्या यादीतल्या जर्नलांच्या नावानं हुबेहूब नकली संकेतस्थळं निघाली. नोव्हेंबर २०२२च्या नियमांत पीएचडीसाठी निबंधाची सक्ती गेली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीही बंद झाली. जर्नल कसं पारखायचं ते आता संस्थांनी स्वतः ठरवायचं आहे. माझी कसोटी साधी आहे : लेखकाला देण्याच्या सूचना मी आधी वाचतो. जे काहीच विचारत नाही, त्याला काही वाचायचंही नसतं.

यूजीसीचे वाङ्मयचौर्याचे नियम २०१८ चे. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, पुढे टप्प्याटप्प्यानं कडक कारवाई. मराठीत लिहिणाऱ्यांची इथं वेगळीच गंमत झाली. वर्षानुवर्षं सगळं कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं. सॉफ्टवेअरच्या लेखी ती रोमन अक्षरांची खिचडी. साम्य शून्य टक्के! युनिकोडमध्ये बदलल्यावर कित्येकांचे शून्य पळाले, शिवाय रफार उडून भलत्याच अक्षरावर बसले.

आमच्या विद्यार्थिनीचा निबंध कोलाम आदिवासींचे वैदू वापरतात त्या झाडपाल्यावर आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी भागातला. जर्नलनं दोन गोष्टी मागितल्या : माहिती देणाऱ्यांची संमती, आणि प्रत्येक वनस्पतीचा हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, नोंदलेला व्हाउचर क्रमांक. संमती तिनं कोलामीत विचारून घेतली होती. नमुने मात्र घरी, जुन्या वर्तमानपत्रांत दाबलेले, वर गव्हाचं पोतं ठेवलेलं. झाडाचं नाव बरोबर आहे हे जर्नलनं तिच्या शब्दावर का मानावं, असं मी विचारलं तेव्हा तिनं तोंड वाकडं केलं. मग हिस्लॉपचे खोके सांगितले.

सोमवारी ती तेवीस नमुने गठ्ठ्यात बांधून पहाटेच्या एसटीनं नागपूरला गेली. कंडक्टरनं गठ्ठ्याचं अर्धं तिकीट फाडलं.