एमजीबी मोटारीच्या पुढच्या डिस्क ब्रेकचा कर्कश आवाज

एमजीबी ही ब्रिटिश बनावटीची दोन दारांची स्पोर्ट्स मोटार. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात ती १९६२ ते १९८० या काळात तयार होत होती. जीटी ही टपाची आवृत्ती धरून ५ लाखांहून अधिक गाड्या बनल्या. पुढच्या चाकांना लॉकहीड कंपनीचे डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवर, म्हणजे डिस्कवर, दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारे) आणि मागच्या चाकांना ड्रम, अशी तिची ब्रेकव्यवस्था. ब्रेक उत्तम लागतो, पण लागताना किंचाळतो, ही या गाडीच्या मालकांची नेहमीची तक्रार आहे.

ही तक्रार डिस्क ब्रेकइतकीच जुनी म्हणावी लागेल. इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्यात धातूच्या डिस्कवर तांब्याचे अस्तर घासले जाई आणि आवाज असह्य होई. ब्रेकची अस्तरे बनवणाऱ्या फेरोडो कंपनीचे संस्थापक हर्बर्ट फ्रूड यांनी ॲस्बेस्टॉसचे अस्तर लावून त्यातून वाट काढली. १९५३ मध्ये फ्रान्समधील ल मान्सची २४ तासांची मोटार शर्यत जिंकणाऱ्या जग्वार सी-टाइपला डिस्क ब्रेक होते. १९५६ मध्ये ते ट्रायम्फ टीआर३ या बाजारात विकल्या जाणाऱ्या गाडीला आले.

आवाज होतो तो कंपनामुळे. पॅड डिस्कवर एकसारखा सरकत नाही. तो सेकंदाला हजारो वेळा किंचित अडकतो आणि सुटतो. त्या कंपनाची गाठ डिस्कच्या स्वतःच्या कंपनाशी पडली, की डिस्क झांजेसारखी वाजू लागते. ही वारंवारता साधारण १ ते १६ किलोहर्ट्झ असते. त्यामुळेच सिग्नलपाशी हलका ब्रेक लावताना गाडी ओरडते आणि पेडल जोरात दाबले की बऱ्याचदा गप्प होते.

बहुतेक जण लगेच नवे पॅड आणतात. ती घाई होय. आधी चाक जॅकवर घेऊन हलवून पाहावे. एमजीबीच्या पुढच्या हबमधला (चाक ज्यावर बसते त्या भागातला) प्ले, म्हणजे सैलपणा, बेअरिंगमधील स्पेसर (अंतर राखणारी नळी) आणि शिम म्हणजे पातळ चकत्या यांनी ठरतो आणि तो सुमारे ०.०५ ते ०.१ मिमी असावा लागतो. मागे कधीतरी कुणी स्पेसरच काढून टाकलेला असेल, तर पॅड कितीही बदलले तरी उपयोग नाही. कॅलिपरचे (डिस्कला कवेत घेऊन पॅड धरणाऱ्या भागाचे) बोल्ट घट्ट आहेत का, हेही तेव्हाच पाहावे.

जुन्या गाडीत खरा संशय मात्र कॅलिपरमध्ये बसून पॅड डिस्कवर ढकलणाऱ्या पिस्टनवर घ्यावा. ही गाडी महिनोन्महिने उभी असते. पिस्टनच्या क्रोमखाली गंज धरतो आणि पिस्टन मागे सरकेनासा होतो. मग एक पॅड डिस्कला टेकूनच राहतो, तापतो आणि त्याच्या पृष्ठभागावर काचेसारखी चकाकी येते. असा पॅड हमखास ओरडतो. चकाकी पॉलिश पेपरने घासून काढली तर आवाज थांबतो, पण पिस्टन अडकलेला असेल तोवर तो परत येणारच. पिस्टन आणि रबरी सील बदलणे हाच इथे इलाज. त्यासाठी कॅलिपरचे दोन अर्ध एकमेकांपासून सोडवू नयेत. पिस्टनच्या तोंडाचा एक भाग मुद्दाम कापलेला असतो. बसवताना त्याची दिशा मॅन्युअलप्रमाणेच ठेवावी लागते.

पॅडच्या पाठीमागेही शिम असतात, पण त्या आवाज रोखणाऱ्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या. पॅड बदलताना त्या हमखास हरवतात किंवा वाकड्या म्हणून फेकल्या जातात. शिम, पॅड धरून ठेवणारी स्प्रिंग आणि स्प्लिट पिन नव्या घालाव्यात. पॅडच्या कडा कानशीने थोड्या तिरक्या कराव्यात. डिस्कवर खोल चरे असतील तर ती लेथवर साफ करता येते, मात्र उरणारी जाडी किमान मर्यादेखाली गेली तर डिस्क बदलावीच लागते. ब्रेकसाठीचे ग्रीस अगदी शेवटी आणि पॅडच्या पाठीवरच, तेही नखभर. पेट्रोलियमयुक्त ग्रीस सीलला लागले तर रबर फुगते आणि पिस्टन पुन्हा अडकतो.

जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. म्हणून ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने कधीही उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी. ॲस्बेस्टॉसविरहित पॅड, विशेषतः कठीण मिश्रणाचे, कधीकधी जास्त वाजतात, पण त्यासाठी जुन्या पॅडकडे परतण्यात अर्थ नाही. मऊ मिश्रणाचे पॅड घ्यावेत.

नवे पॅड बसवल्यावर मध्यम वेगातून हलके-मध्यम ब्रेक अनेकदा लावावेत आणि मधे डिस्क निवू द्यावी. आऱ्यांची चाके असलेल्या एमजीबीत ब्रेक लावताना ‘टक्’ असा एकच आवाज आला, तर तो ब्रेकचा नसून बहुधा हबवरचे झिजलेले दाते चाकात सरकल्याचा असतो. तिथे पॅडला हात लावण्याचे कारण नाही.