‘टाकी आपोआप साफ होते’: एका समजुतीचा इतिहास

सेप्टिक टँक असलेल्या घरांत एक समजूत हमखास आढळते. आत जिवाणू असतात, ते सगळे खाऊन टाकतात, त्यामुळे संडास तुंबत नाही तोवर झाकण उघडायचे कारण नाही. याला घरमालकांचा आळस म्हणणे अन्यायाचे होईल. ही समजूत टाकीबरोबरच जन्मली आणि ती पसरवली टाकी बनवणाऱ्यांनीच.

टाकीच्या आधी साधे मैल्याचे खड्डे होते. खड्डा भरतो हे डोळ्यांना दिसत असे, म्हणून तो उपसण्याबद्दल कुणाला शंका नव्हती. पुढे फ्लशचे संडास आले, पाणी कैक पटींनी वाढले आणि खड्डे ओसंडू लागले. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलऱ्याने थैमान घातले, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी तिथल्या सार्वजनिक पंपावर संशय घेतला. नंतर खोदून पाहिले, तर पंपाच्या विहिरीपासून तीन फुटांच्या आत एका घराचा गळका मैलाखड्डा निघाला. विहीर आणि मैल्याची टाकी यांच्यात भरपूर अंतर हवे, या आजच्या नियमामागे अशा साथींत गेलेली माणसे आहेत.

फ्रान्समधल्या व्हेसूल गावी १८६०च्या सुमारास झाँ-लुई मुरा यांनी घराच्या सांडपाण्यासाठी दगडी बांधकामाची बंद टाकी बांधली. पाणी आत येणारा आणि बाहेर जाणारा असे दोन्ही नळ पाण्याच्या पातळीखाली बुडवलेले होते, त्यामुळे हवा आत जात नसे. दहा-बारा वर्षांनी टाकी उघडली, तेव्हा घट्ट मैला जवळजवळ नव्हताच, बहुतेक सारे पाणीच होते. मुरा यांनी विज्ञानलेखक आबे म्वान्यो यांची मदत घेतली आणि १८८१ मध्ये पेटंट मिळवले. टाकीची जाहिरात झाली ती ‘आपोआप उपसा करणारी’ म्हणून. हवेशिवाय जगणारे सूक्ष्मजीव पाश्चर यांनी दाखवून दिलेलेच होते. टाकीतले काम या सूक्ष्मजीवांचेच असावे, हा अंदाजही त्याच वेळी मांडला गेला आणि तो बरोबर होता. चूक झाली ती ‘आपोआप’ या दाव्यात.

१८९५ मध्ये इंग्लंडमधल्या एक्झिटर शहराचे सर्व्हेयर डोनाल्ड कॅमेरॉन यांनी मोठी बंद टाकी उभारली आणि तिला आजचे ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिले. तिच्यातून निघणाऱ्या वायूवर दिवेही लावून पाहिले. गाळाची कटकट मिटली, या बातमीने शहरोशहरीचे अभियंते हरखून गेले. अमेरिकेत कॅमेरॉन यांच्या टाकीच्या पेटंटवरून नगरपालिकांवर खटले भरले गेले आणि त्यातला एक १९१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला.

दावा तपासला तो सांडपाण्यासाठी १८९८ मध्ये नेमलेल्या ब्रिटिश रॉयल कमिशनने. आयोगाचा १९०८चा पाचवा अहवाल, माझ्या मते, या इतिहासातला सर्वांत मोलाचा दस्तऐवज आहे. सेप्टिक टँकमध्ये सगळा घन मैला पचत नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. टाकीतून बाहेर पडणारे पाणी जिवाणूंच्या दृष्टीने आत येणाऱ्या मैलापाण्याइतकेच जवळजवळ घाण असते, हेही नोंदवले. म्हणजे टाकीचे मुख्य काम जड पदार्थ तळाशी बसू देण्याचे आणि तेल-चरबी वर तरंगू देण्याचे. जिवाणू तळचा गाळ कमी करतात, संपवत नाहीत. उरलेला गाळ वर्षानुवर्षे साचतो, पाणी थांबायला जागा कमी पडते आणि एक दिवस घन कण पाण्याबरोबर बाहेर जाऊ लागतात.

तोवर मोठ्या शहरांची पावले दुसरीकडे वळली होती. जर्मनीत कार्ल इमहॉफ यांनी १९०६ मध्ये गाळ वेगळ्या कप्प्यात कुजवणारी दुमजली टाकी आणली. साधी सेप्टिक टँक उरली ती घरांसाठी, आणि ‘आपोआप’चा दावा तिच्यासोबत घराघरांत गेला. आयोगाचा अहवाल अभियंत्यांच्या कपाटात राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गटारे पोहोचण्याआधीच उपनगरे वाढली. लाखो घरांना सेप्टिक टँक बसल्या आणि अंगणात घाण पाणी वर येण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारी सार्वजनिक आरोग्य सेवेने टाक्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यातून १९५७ मध्ये निघालेल्या पुस्तिकेत देखभालीचा विषय घरमालकाच्या पातळीवर उतरलेला दिसतो. टाकी वेळोवेळी तपासा, गाळ मोजून उपसा. मोजायला लांब काठीला खरखरीत पांढरे कापड घट्ट गुंडाळून ती तळापर्यंत सोडायची. बाहेर काढल्यावर काळा गाळ कुठवर होता ते कापडावर कळते. ही पद्धत आजही चालते. बाजारातल्या एन्झाइम वगैरे पावडरींबद्दलही पुस्तिका निःसंदिग्ध होती: अशी सुमारे १,२०० उत्पादने आहेत, पण काटेकोर चाचणीत एकाचाही फायदा सिद्ध झालेला नाही. मुरा यांच्या टाकीचे जुने आश्वासनच आता पुड्यांतून विकले जात होते, आणि आजही विकले जाते. लागणारे जिवाणू मैल्यासोबत रोज येतातच.

टाकीपुढच्या जमिनीकडे लक्ष जायला आणखी वेळ लागला. टाकीतले पाणी सच्छिद्र नळांतून खडीच्या चरांत आणि तिथून मातीत मुरते, आणि खरे शुद्धीकरण या मातीत होते. १९७०च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी चराच्या तळाशी जमणाऱ्या काळ्या, बुळबुळीत थराचा बारकाईने अभ्यास केला. हा थर पातळ असेल तर पाणी हळू मुरवून शुद्धीकरणाला मदतच करतो. टाकीतून घन कण आणि चरबी येत राहिली की तो जाड होतो आणि पाणी वर फुटते. टाकी उपसून हा बिघाड लगेच भरून निघत नाही. चर पुन्हा खोदावे लागू शकतात आणि तो खर्च उपशाच्या कितीतरी पट असतो. उपसायचे ते टाकीसाठी कमी आणि या मातीसाठी जास्त. ही गोष्ट अजून पुरेशी पोहोचलेली नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

दुर्लक्षाला आणखी एक कारण होते. उद्या गटार येईल, तोवरची ही तात्पुरती सोय, असेच सरकारे आणि घरमालक धरून चालले. १९९७ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने काँग्रेसला दिलेल्या अहवालात मात्र म्हटले की नीट व्यवस्थापन केले तर अशा टाक्या कायमचा पर्याय ठरू शकतात. तिचा आजचा सल्ला घरगुती टाकी साधारण ३ ते ५ वर्षांनी उपसण्याचा आहे. वर तरंगणाऱ्या तेल-चरबीच्या साईचा तळ बाहेर जाणाऱ्या नळाच्या तोंडापासून ६ इंचांच्या आत आला, किंवा गाळाचा माथा १२ इंचांच्या आत आला, तर वर्षे न मोजता उपसायचे.

जुन्या टाक्यांची झाकणे मातीखाली पुरलेली असतात. ती उघडायचीच नाहीत, असे गृहीत धरूनच त्या बांधलेल्या होत्या. आता तोंडावर उभे कडे बसवून झाकण जमिनीच्या पातळीवर आणतात आणि ते कुलूप किंवा स्क्रूने पक्के करतात. आत हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू क्षणात माणसाला बेशुद्ध करू शकतात, म्हणून मोजणी आणि उपसा दोन्ही वरूनच करायचे, कुणालाही टाकीत उतरवायचे नाही.