टॅगवर कासव, बाटली मात्र नाल्यातली: ओशन प्लास्टिक आणि ओशन-बाउंड प्लास्टिक

निळा टॅग, त्यावर कासव किंवा देवमासा आणि खाली 'समुद्र वाचवा'. नागपुरात सीताबर्डीच्या दुकानात असा टी-शर्ट दिसला की गिऱ्हाईक धरून चालतं, कोणीतरी बोट घेऊन खोल समुद्रात गेलं, बाटल्या वेचल्या आणि त्यांचा धागा काढला. बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. बारीक अक्षरांत तसं छापलेलंही असतं, पण ते वाचतो कोण?

रिसायकलिंग कसं होतं हे इथे उगाळत नाही. बाटली कबाडीवाल्याकडे जाते, तिचा चुरा होतो, चुरा धुऊन वितळवला की धागा निघतो, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. खरा घोळ बाटली उचलली कुठून, यात आहे.

ओशन प्लास्टिक म्हणजे पाण्यातून किंवा समुद्रतळावरून काढलेलं. ओशन-बाउंड, म्हणजे समुद्राकडे निघालेल्या प्लास्टिकने समुद्र पाहिलेलाच नसतो. किनाऱ्यापासून 50 किलोमीटरच्या आत, कचरा उचलायची सोय नाही किंवा तोकडी आहे अशा ठिकाणी जमिनीवर पडलेलं प्लास्टिक या नावाखाली येतं. हा 50 चा आकडा संशोधक जेना जॅमबेक आणि सहकाऱ्यांच्या 2015 च्या शोधनिबंधामुळे रूढ झाला. 2010 साली या पट्ट्यातल्या लोकवस्तीच्या कचऱ्यातून 48 लाख ते 1 कोटी 27 लाख टन प्लास्टिक समुद्रात गेलं, असा त्यांचा अंदाज होता. त्यांनी हिशेबासाठी आखलेली रेघ जाहिरातवाल्यांनी बिरुद म्हणून छातीवर लावली. किनाऱ्यापासून 48 किलोमीटरवरच्या उकिरड्यातली बाटलीही मग कासवाच्या चित्राला पात्र ठरते.

नागपूरपासून कुठलाही किनारा 500 किलोमीटरच्या आत नाही, म्हणजे आपण यातून सुटलो? तसंही नाही. ओशन-बाउंडच्या प्रमाणपत्राच्या काही पद्धतींत नदीकाठापासून 200 मीटरपर्यंतचं प्लास्टिकही धरतात. नाग नदीत अडकलेली पन्नी कन्हानमार्गे वैनगंगेत जाणार, पुढे प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. वाटेत गोसीखुर्द धरणाची भिंत आडवी उभी आहे, पण कागदावर पन्नी समुद्राकडे निघालेली!

दावा तपासायला पदार्थाचा प्रकार पाहावा. टी-शर्टचा पॉलिएस्टर पीईटीपासून, म्हणजे बाटल्यांच्या प्लास्टिकपासून होतो. पीईटीची घनता सुमारे 1.38, समुद्राच्या पाण्याची 1.025. झाकण घट्ट असेल तोवर बाटली तरंगते, पाणी शिरलं की बुडते. प्रशांत महासागरातल्या कचऱ्याच्या पट्ट्यात तरंगतं ते मुख्यतः पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन, ही वेगळी प्लास्टिकं. 2018 च्या एका अभ्यासात तिथल्या वजनाचा 46 टक्के भाग मासेमारीच्या जाळ्यांचा निघाला. यातून पॉलिएस्टर होत नाही. त्यात ऊन आणि खारं पाणी खाल्लेलं प्लास्टिक ठिसूळ होतं, त्यावर शिंपले-शेवाळ चढतं, आणि अशा मालाचा बारीक धागा ओढताना तुटतो. त्यामुळे 'महासागरातल्या बाटल्यांचा टी-शर्ट' वाचलं की संशय घ्यावा. नायलॉन-6 च्या जाळ्यांचं वेगळं आहे. रासायनिक प्रक्रियेने ती मूळ घटकापर्यंत, म्हणजे कॅप्रोलॅक्टमपर्यंत नेऊन पुन्हा कोऱ्यासारखा धागा काढता येतो. म्हणून जाळ्यांचा दावा जास्त पटतो.

नावावर तर अजिबात जाऊ नका. अ‍ॅडिडासच्या 'पार्ले ओशन प्लास्टिक'ची कंपनीनेच दिलेली व्याख्या आहे: किनारे आणि किनारी वस्त्यांतून, समुद्रात जाण्याआधी अडवलेला कचरा.

यात ओशन-बाउंड कमअस्सल ठरत नाही. उलट, दोन्हींत निवडायचं झालं तर तेच काम जास्त मोलाचं. नाल्यातून उचललेली बाटली बोटीने शोधलेल्या बाटलीपेक्षा स्वस्त पडते, स्वच्छ असते आणि तिचा धागाही नीट निघतो. मग चित्र देवमाशाचं कशाला? नाल्याचं छापा की!

टॅगवर तीन गोष्टी बघा: टक्केवारी कशाची (कापडाची, की फक्त लेबलची), माल कुठे गोळा केला आणि प्रमाणपत्र क्रमांक. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2024 च्या ग्रीनवॉशिंगविषयीच्या (पर्यावरणप्रेमाचा खोटा आव आणण्याविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांनुसार पर्यावरणाच्या दाव्याला पुरावा हवा आणि तपशील उघड करायला हवा. तो क्यूआर कोडमधून दिला तरी चालतो. कोड स्कॅन करून नुसतंच कंपनीचं मुखपृष्ठ उघडलं, तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. टॅगचा फोटो आणि बिल जपून ठेवा.