ईमची प्रदक्षिणा

इंग्लंडच्या डर्बीशायरमधल्या या गावाच्या नावाचं स्पेलिंग वाचून कुणीही 'इयाम' म्हणेल. तिथली माणसं नुसतं 'ईम' म्हणतात. दक्षिणेला चुनखडीचा सपाट पट्टा, उत्तरेला माळाकडे चढत गेलेला खडबडीत वालुकाश्म आणि मध्ये हे गाव. चर्चपासून निघायचं, कुरणांतून सीमेच्या दगडापर्यंत जायचं, मग उलट दिशेला टेकडीवरच्या झऱ्याकडे आणि पूर्वेच्या कबरींवरून परत. एक चढ सोडला तर फेरी आरामात होते. वाटेत मेंढ्या, चुना न लावता रचलेल्या दगडी भिंती आणि प्लेगच्या एका साथीचा अख्खा आलेख.

चर्चच्या आवारात आठव्या शतकातला कोरीव क्रूस आहे. लोक त्याच्यासमोर दोन मिनिटं थांबतात आणि शेजारच्या घरांकडे वळतात, कारण १६६५ च्या सप्टेंबरात गोष्ट तिथं सुरू झाली. लंडनहून शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होतं म्हणून जॉर्ज व्हिकर्स नावाच्या कारागिराने ते चुलीपुढे वाळत घातलं, आणि आठवड्याभरात तो गेला. कापडात पिसवा होत्या, असं गाव आजही सांगतं. या घरांपुढे पाट्या लावल्या आहेत आणि त्यांवर मेलेल्यांची नावं आहेत. मुकाट्याने वाचत गेलं तर एकेका घराला बराच वेळ लागतो.

हिवाळ्यात साथ मंदावली. १६६६ च्या उन्हाळ्यात मात्र ती उसळली, तेव्हा पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे पाद्री थॉमस स्टॅन्ली यांनी गावाला गळ घातली : कुणी बाहेर जायचं नाही, बाहेरच्याने आत यायचं नाही. ज्याचं माणूस मरेल त्याने ते आपल्याच शेतात किंवा परसात पुरायचं. प्रार्थना चर्चमध्ये न करता उघड्यावर, कुक्लेट डेल्फ नावाच्या दरीत, घराघराने अंतर ठेवून. मॉम्पेसननी स्वतःची मुलं त्याआधीच बाहेर पाठवली होती, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटत नाही. पत्नी कॅथरीन मागे राहिली आणि ऑगस्टमध्ये वारली.

आपल्याकडे १८९६ नंतरच्या गाठीच्या प्लेगमध्ये लोकांनी नेमकं उलट केलं. घरात उंदीर पडायला लागले की गाव उठायचं आणि माळावर, शेतात झोपड्या घालून राहायचं. अडाण्यांची पळापळ म्हणून त्याकडे कुणी बघेल, पण रोगाचं कारण कळल्यावर ती भलतीच शहाणी चाल ठरते. प्लेगचा जंतू उंदरांमध्ये आणि त्यांच्या पिसवांमध्ये राहतो. उंदीर मेला की पिसू थंड पडलेलं अंग सोडते आणि हाताशी येईल त्या ऊबदार प्राण्यावर जाते. घर सोडलं की माणूस तिच्या टप्प्याबाहेर जातो. ईमकरांनी बाकीच्या मुलखाला वाचवायचं ठरवलं आणि स्वतः त्याच घरांत, त्याच बिळांच्या शेजारी राहिले.

आता सीमेचा दगड. गावातून बाहेर पडून स्टोनी मिडल्टनकडे जाणारी पायवाट धरली की कुरणातच तो भेटतो : बसका धोंडा, वरच्या अंगाला सहा खळगे. खळग्यांत व्हिनेगर ओतून ईमकर त्यात नाणी ठेवायचे. पलीकडचे लोक धान्य आणि औषधं ठेवून नाणी घेऊन जायचे. उत्तरेच्या टेकडीवर मॉम्पेसनच्या नावाने ओळखला जाणारा झरा आहे, तिथंही हीच देवाणघेवाण चाले. चढ आहे तो याच वाटेला. व्हिनेगरमधलं आम्ल जंतूंना मारक असतं, पण हे त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हतं. रोग दूषित हवेतून येतो, अशी समजूत होती. नाण्यांवरून प्लेग पसरण्याची भीती तशीही फारशी नव्हती. उपयोग झाला तो दोन माणसांमधल्या अंतराचा.

जंतू सापडायला १८९४ साल उजाडलं. हाँगकाँगमध्ये अलेक्सांद्र येरसँ यांनी तो शोधला. पिसवेचं काम १८९८ मध्ये कराचीत पोल-लुई सिमों यांनी दाखवलं. आजारी उंदीर आणि त्याच्या जवळच, पण स्पर्श होणार नाही असा टांगलेला निरोगी उंदीर. मधलं अंतर पिसवांनी उडी मारून कापलं आणि दुसराही आजारी पडला. बरीच वर्षं त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, प्लेग आयोगाने पद्धतशीर प्रयोग केले तेव्हा कुठे गोष्ट पक्की झाली. जंतू पिसवेच्या अन्ननलिकेत बोळा बसवतो. तिची भूक भागत नाही, म्हणून ती चावत सुटते आणि प्रत्येक चाव्यात अडलेलं रक्त जंतूंसह परत ओकते.

मुंबईचा धागा इथं संपत नाही. १९२७ मध्ये कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी साथीचं गणित मांडलं. त्यातले मॅकेंड्रिक हे भारतात नोकरी केलेले लष्करी डॉक्टर. लोकांचे तीन गट करायचे : अजून लागण न झालेले, सध्या आजारी, आणि बरे होऊन किंवा मरून बाहेर पडलेले. रोज किती जण एका गटातून दुसऱ्यात जातात याची समीकरणं मांडायची. ताळा पाहायला त्यांनी घेतले ते डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले मुंबईतले प्लेगचे मृत्यू.

तेच गणित पुढे ईमला लावलं गेलं. चर्चच्या दफन नोंदी असल्यामुळे ते शक्य झालं, आणि गाव बंद असल्यामुळे सोपंही : येणं-जाणं नाही, आजारी पडलेला बहुधा मेलाच. १६६६ च्या मेच्या मध्याला लागण न झालेले २५४ आणि आजारी ७. ऑक्टोबरच्या मध्याला उरले ८३. आजाराचा काळ सुमारे अकरा दिवस धरला की एक रोगी सरासरी दीडहून थोड्या जास्त जणांना रोग देतो, असं उत्तर येतं. आकडा किरकोळ वाटतो. पाच महिन्यांत त्याने १७८ माणसं नेली.

यात एक गोम आहे. हे सगळं गावात सुमारे ३५० माणसं होती असं धरून केलेलं. नंतर नोंदी पुन्हा चाळल्यावर वस्ती सातशेच्या आसपास असावी असं दिसलं. २०१६ मध्ये घराघरातल्या मृत्यूंच्या तारखा पडताळून केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की सुमारे तीन चतुर्थांश लागण उंदरांकडून न होता माणसाकडून माणसाला झाली. मग ती फुप्फुसाच्या प्लेगमुळे खोकल्यातून असेल किंवा माणसांच्या अंगावरच्या पिसवा आणि उवांमधून. एका घरात पहिला गेला की शुश्रूषा करणारे मागोमाग जात. म्हणजे मघाशी मी माळावरच्या झोपड्यांचं कौतुक केलं त्याला थोडी मुरड घालायला हवी. रोग असा पसरत असेल तर उंदीर सोडून जाणं पुरेसं नाही, एकमेकांपासून लांब राहणंही तितकंच लागतं.

फेरीचा शेवटचा टप्पा गावाच्या पूर्वेला, रायली कबरींपाशी. शेताच्या मधोमध गोलाकार दगडी भिंत, आत हॅनकॉक कुटुंबाचे सात दगड : नवरा आणि सहा मुलं. १६६६ च्या ऑगस्टमध्ये आठ दिवसांत सगळे गेले, आणि प्रत्येकाला एकट्या एलिझाबेथ हॅनकॉकने पुरलं. त्या महिन्यात गावात सर्वाधिक मृत्यू झाले; आलेखाचं शिखर तेच. सातही जणांची शुश्रूषा केलेली एलिझाबेथ मात्र वाचली. ती का वाचली, हे समीकरणाला सांगता येत नाही. नंतर ती शेफील्डला, तिथं आधीपासून असलेल्या मुलाकडे निघून गेली. भिंतीच्या फाटकातून बाहेर आलं की गावाकडे उतरणारी वाट समोरच आहे.