वाकण चाचणी

एखादा पदार्थ भाराखाली किती लवतो, किती भाराला मोडतो आणि मोडण्याआधी काही इशारा देतो की नाही, हे त्याची पट्टी किंवा तुळई वाकवून ठरवण्याची पद्धत. लाकूड, काँक्रीट, पोलाद, फरशी, प्लॅस्टिक, चिनी माती या सगळ्यांची ही चाचणी होते, मात्र प्रत्येकाच्या बाबतीत शोधायचे उत्तर वेगळे असते. काँक्रीट किती भाराला फुटते ते पाहतात, लाकडाचा लवही मोजतात, तर सळई मुळीच तडकू नये एवढीच अपेक्षा असते.

दोन्ही टोकांना टेकलेल्या तुळईवर वजन आले की तिची पाठ दाबली जाते आणि पोट ताणले जाते. मध्ये एक थर असा असतो की त्यावर ना दाब, ना ताण. तो उदासीन थर. त्याच्यापासून जितके दूर जावे तितका जोर वाढतो, म्हणून सर्वांत जास्त ओढ अगदी खालच्या कडेला बसते. गॅलिलिओने १६३८ मध्ये भिंतीत रोवलेल्या तुळईचा विचार मांडला तेव्हा तुळई खालच्या कडेभोवती फिरते असे धरले होते. त्यामुळे तुळईची ताकद प्रत्यक्षाच्या तिप्पट निघत होती. उदासीन थराची जागा आणि त्यावर उभे राहिलेले पूर्ण गणित १८२६ मध्ये नाव्हिए या फ्रेंच अभियंत्याने नीट बसवले.

बडोद्यात या विषयाची नाळ कलाभवनाशी जुळते. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९० मध्ये ही संस्था काढली आणि तिची धुरा त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे दिली. रंगकाम-सुतारकामापासून यंत्रविद्येपर्यंतचे शिक्षण एका छपराखाली आणण्याचा तो प्रयत्न होता. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर कलाभवन त्याच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत सामावले. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या वाड्यांचे कडीपाट (लाकडी तुळया म्हणजे कड्या आणि त्यांवरच्या फळ्यांचे छत) पाहिले तर ही चाचणी कशासाठी, हे पुस्तक न उघडताही कळते. तिथल्या कड्या रुंदीपेक्षा उंचीला जास्त ठेवलेल्या असतात. कारण आयताकृती तुळईचा लव उंचीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो : उंची दुप्पट केली तर लव आठपट कमी, आणि गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, दुप्पट केला तर आठपट जास्त.

लाकडाची प्रमाणित चाचणी दोन आकारांत करतात : ५ × ५ × ७५ सेंमीचा नमुना ७० सेंमी गाळ्यावर, किंवा २ × २ × ३० सेंमीचा २८ सेंमी गाळ्यावर. भार मधोमध. लहान पट्टीचा स्थितिस्थापकता गुणांक (पदार्थाच्या ताठपणाचे माप) प्रति चौ. मिमी १०,००० न्यूटन धरला, तर ५०० न्यूटन भाराखाली ती साधारण १.७ मिमी लवते. एवढा लव डोळ्यांना जेमतेम जाणवतो, म्हणून पट्टीच्या पोटाखाली ०.०१ मिमीपर्यंत वाचणारा डायल गेज लावतात. इथे एक पथ्य कटाक्षाने पाळायला हवे : यंत्राचा माथा किती खाली आला तो आकडा लव म्हणून लिहू नये. भार देणारा रोलर लाकडात किंचित रुततो, यंत्राचा सांगाडाही थोडा ताणला जातो, आणि ही सगळी हालचाल बिचाऱ्या लाकडाच्या नावावर चढते. गुणांक कमी निघतो आणि चांगले लाकूड नाहक कमी प्रतीचे ठरते.

भार एका बिंदूवर द्यायचा की दोन, हा निर्णय महत्त्वाचा. मधोमध एकच रोलर ठेवला तर सर्वांत जास्त जोर नेमका त्याच्याखालच्या छेदावर येतो. दोष चार बोटे बाजूला असला तर तो निसटतो. गाळ्याच्या तिसऱ्या हिश्श्यांवर दोन रोलर ठेवले की मधल्या तृतीयांशात जोर सारखा राहतो आणि तुळई त्या पट्ट्यात जिथे कच्ची असेल तिथे फुटते. काँक्रीटसाठी म्हणूनच दोन रोलरांची पद्धत वापरतात.

काँक्रीटची तुळई १५० × १५० × ७०० मिमी, गाळा ६०० मिमी, रोलर ३८ मिमी व्यासाचे. एम-२५ काँक्रीटची (ज्याचा घन प्रति चौ. मिमी २५ न्यूटन दाब सोसतो) वाकणक्षमता, म्हणजे वाकताना मोडण्याआधी सोसलेला कमाल ताण, आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातल्या सूत्राने प्रति चौ. मिमी ३.५ न्यूटन येते. म्हणजे ही तुळई सुमारे २० किलोन्यूटनला, दोन टनांच्या आसपास मोडते. त्याच काँक्रीटचा १५० मिमीचा घन दाबून फोडायला सुमारे ५७ टन लागतात. हा फरक विद्यार्थ्यांनी एकदा तरी स्वतः पाहावा. बांधकामावर घन नेमाने भरले जातात, तुळया मात्र बहुधा काँक्रीटच्या रस्त्यांच्या कामातच भरल्या जातात, कारण रस्त्याच्या लादीत सळईचा आधार नसतो आणि चाकाखाली लादी पोटाकडूनच तडकते.

या चाचणीत यंत्र कितीही भारी असले तरी निकाल बिघडतो तो हाताळणीने. तुळई पाण्यातून काढून ओली असतानाच तपासायची. ती उन्हात पडून राहिली तर पृष्ठभाग आधी सुकतो, आकसू लागतो, त्यात आधीच ताण भरतो आणि आकडा खाली येतो. भार घाईने चढवला तर उलट, आकडा फुगतो. रोलरखाली वाळूचा कण राहिला तर तुळई पिळवटते. मोडल्यावरही काम संपत नाही : तडा जवळच्या आधारापासून किती अंतरावर गेला ते ताणाच्या बाजूने मोजतात. मधल्या तृतीयांशाच्या थोडा बाहेर असेल तर सूत्र बदलते, आणि १७० मिमीपेक्षा कमी अंतरावर असेल तर तो निकालच बाद.

सळईची चाचणी वेगळ्या जातीची. एफई ५०० प्रतीची (प्रति चौ. मिमी ५०० न्यूटन ताणापर्यंत कायमची न लांबणारी) १२ मिमी सळई ४८ मिमी व्यासाच्या मँड्रेलभोवती, म्हणजे गोल दांड्याभोवती, १८० अंश वळवतात. बाहेरच्या अंगाला चीर दिसता कामा नये. पुनर्वाकण चाचणीत ती दोन भुजांमध्ये १३५ अंशांचा कोन राहील इतकी वाकवून अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवतात, निवू देतात आणि थोडी मागे वळवतात. खांबातून बाहेर राहिलेल्या सळया साइटवर वाकवतात आणि काही महिन्यांनी पुन्हा सरळ करतात. मधल्या काळात वाकलेले पोलाद ठिसूळ होत जाते. उकळते पाणी त्या महिन्यांचे काम अर्ध्या तासात करून दाखवते.

बडोद्याच्या परिसरात ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअरचे (वीजप्रवाह जोडण्या-तोडण्याच्या उपकरणांचे) कारखाने बरेच असल्याने चिनी मातीच्या इन्सुलेटरची (वीजवाहक भाग अडवून धरणाऱ्या विद्युतरोधक खांबाची) वाकण चाचणीही इथल्या लोकांच्या परिचयाची. शहरात १९७४ पासून असलेली ‘एर्डा’ ही विद्युत उपकरणांच्या संशोधन-परीक्षणाची संस्था प्रसिद्धच आहे. उभ्या इन्सुलेटरचा तळ बोल्टने घट्ट आवळतात आणि माथा आडवा ओढतात. तो एकाच दिशेने ओढून चालत नाही; काटकोनात फिरवत चारही दिशांनी भार देतात. चिनी मातीतली बारीक चीर दाबाच्या बाजूला आली तर मिटून राहते आणि ताणाच्या बाजूला आली तरच उघडते.