अवजड ट्रकच्या डिझेल इंजिनाचा बदलता आवाज

डिझेल इंजिनात ठिणगी पाडायला प्लग नसतो. पिस्टन हवा दाबतो, दाबाने ती तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. मात्र फवारा सुटल्यापासून पेट घेईपर्यंत क्षणभराचा उशीर होतो. तेवढ्यात साचलेले इंधन एकदम भडकते, सिलिंडरमधला दाब झटक्यात चढतो आणि तो दणका ओतीव ब्लॉकच्या भिंती थरथरवत बाहेर येतो. डिझेलची ओळख बनलेली खडखड ती हीच. मिस्त्री तिला ‘नॉकिंग’ म्हणतात. थंड इंजिन चालू केल्यावर पहिली दोन-चार मिनिटे जास्त खडखडते ते याचमुळे: भिंती गार, हवा कमी तापलेली, म्हणून उशीर मोठा. अवजड ट्रकचा आवाज गेल्या पन्नासेक वर्षांत इतका बदलला, त्यात या उशिरावर मिळालेल्या ताब्याचा वाटा मोठा आहे.

खडखडीच्या खाली एक जाड सूर असतो, तो स्फोटांच्या संख्येचा. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणून सहा सिलिंडर असतील तर दर फेऱ्याला तीन स्फोट होतात. मिनिटाला २,१०० फेरे असतील तर सेकंदाला १०५ स्फोट. १,१०० फेरे असतील तर ५५. जुन्या इंजिनाला चढावर ओढ यावी म्हणून २,०००च्या आसपास पिळावे लागे. आताची इंजिने कमी फेऱ्यांतच पूर्ण ओढ देतात आणि इंधन वाचावे म्हणून महामार्गावर हजार-अकराशेवरच ठेवली जातात. म्हणजे सूर जवळजवळ एका सप्तकाने खाली उतरला. स्वीडनच्या स्कॅनिया कंपनीने १९६९पासून टिकवलेल्या व्ही-८ इंजिनाची (‘व्ही’ आकारात दोन बाजूंना चार-चार सिलिंडर) तऱ्हा वेगळी. त्यात एकेका बाजूच्या चार सिलिंडरांचे स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत, म्हणून त्याची गुरगुर अडखळत आल्यासारखी वाटते. शौकिनांना तीच आवडते.

दुसऱ्या टोकाला होती अमेरिकेतली दोन-स्ट्रोक डिझेल इंजिने. जनरल मोटर्सच्या डेट्रॉइट डिझेलची ७१ मालिका १९३८मध्ये आली. तिच्यात प्रत्येक सिलिंडर दर फेऱ्याला पेटतो. आठ सिलिंडर आणि २,१०० फेरे म्हटले की सेकंदाला २८० स्फोट. त्यात हवा ढकलणाऱ्या ब्लोअरची कर्कश रुंजी मिसळे. चालकांनी या इंजिनाला ‘स्क्रीमिंग जिमी’ (किंचाळणारा जिमी) हे नाव दिले, ते अगदी चपखल आहे. धुराचे नियम कडक होत गेले तसे दोन-स्ट्रोक मागे पडले. १९८७मध्ये त्याच कंपनीने इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे चार-स्ट्रोक सिरीज ६० इंजिन आणले आणि महामार्गावरची ती किंकाळी विरळ होत गेली.

बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बाइन (पात्यांचे चाक) फिरवून इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचार्जरने दोन गोष्टी केल्या. दाबून भरलेली हवा अधिक तापते, त्यामुळे पेट घेण्यातला उशीर घटतो. शिवाय सायलेन्सरकडे निघालेल्या वायूच्या धक्क्यांतली बरीच ऊर्जा टर्बाइनच खाऊन टाकते. बदल्यात शिट्टी आली.

खरा फरक पाडला तो कॉमन रेलने, म्हणजे सगळ्या सिलिंडरांना इंधन पुरवणाऱ्या एका सामाईक नळीने. जपानच्या डेन्सो कंपनीने १९९५मध्ये तिथल्याच हिनोच्या ट्रकसाठी ही पद्धत बाजारात आणली. जुना पंप एका घावात सगळे इंधन सोडे. कॉमन रेलमध्ये इंधन आधीच प्रचंड दाबाखाली तयार असते, आजच्या इंजिनांत तर २,००० बारच्याही (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) वर, आणि इंजेक्टर (इंधन फवारणारी तोटी) ते तुकड्यातुकड्यांनी सोडतो. आधी चिमूटभर, मग मुख्य फवारा. चिमूटभर इंधन जळून जागा तापवून ठेवते, त्यामुळे मुख्य फवारा साचून न राहता सुटता सुटता जळतो. खडखडीची धार यातच बोथट झाली.

धुरातली काजळी अडवणारा फिल्टर अमेरिकेत २००७च्या नियमांपासून सर्रास झाला. त्यातल्या चिनी मातीच्या हजारो बारीक नळ्यांतून वायू गाळून जाताना आवाजही गाळला जातो. शांतता ही इथे वरकड कमाई.

आवाजाचे स्वतंत्र नियमही होतेच. युरोपात मोठ्या ट्रकची मर्यादा १९७०मध्ये ९१ डेसिबल होती, नव्वदच्या दशकात ती ८०वर आली. आकडा लहान दिसतो, पण डेसिबलच्या हिशेबात जुन्या मर्यादेवरच्या एका ट्रकची ध्वनिऊर्जा नव्या मर्यादेवरच्या बारा ट्रकांइतकी भरते. अर्थात ही चाचणी नव्या ट्रकची. दहा वर्षांनी गंजून फुटलेल्या सायलेन्सरची नव्हे.

सगळ्यात बदनाम आवाज मात्र इंजिनात इंधन जळत नसतानाचा आहे. अमेरिकन इंजिन-तंत्रज्ञ क्लेसी कमिन्स यांच्या कल्पनेतून जेकब्ज कंपनीने १९६१मध्ये इंजिन ब्रेक (इंजिनाच्याच जोराने ट्रकला आवर घालणारी सोय) आणला. उतारावर इंधन बंद असते. पिस्टन हवा दाबून वर पोचला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि दाबलेली हवा फाडकन सुटते. सायलेन्सर काढून टाकलेल्या ट्रकमध्ये हे मशीनगनसारखे ऐकू येते. अमेरिका-कॅनडातल्या अनेक गावांच्या वेशीवर त्याला मनाई करणाऱ्या पाट्या आहेत.

इंजिन इतके निवले की भरधाव ट्रकचा आवाज आता बहुतेक टायरांचा असतो. थांबताना एअर ब्रेकचा फुत्कार आणि मधूनच पंख्याची घोंघों. मिस्त्रीचा कानही याने रिकामा झाला. पूर्वी कोणता सिलिंडर मिस करतोय हे शोधायला इंजिन चालू ठेवून एकेका डिझेल पाइपचा नट किंचित सैल करत. आवाज पडला तर तो सिलिंडर ठीक. नट सैल करूनही आवाज जसाच्या तसा राहिला तर दोष तिथेच. कॉमन रेलवर हा प्रयोग केला तर तिथून सुटणारी धार कातडी भेदून आत शिरते. म्हणून आता स्कॅनर लावून एकेक इंजेक्टर बंद करतात आणि पडद्यावरचे आकडे वाचतात.