गिब्सनच्या २०१९च्या गिटारी : पार्श्वभूमी

जानेवारी २०१९ मध्ये अनाहाइमच्या वार्षिक वाद्यप्रदर्शनात गिब्सन या अमेरिकी गिटार कंपनीने नव्या इलेक्ट्रिक गिटारी मांडल्या. वादक लेस पॉल यांच्या नावाची ‘लेस पॉल’ ही तिची सर्वांत प्रसिद्ध गिटार. पहिल्या प्रतिक्रियांचा सूर बहुतेक एकच होता : अखेर साधी लेस पॉल मिळाली. हाताने फिरवायच्या खुंट्या, ओळखीच्या रुंदीचा नेक (गिटारीची मान), वजन कमी करण्यासाठी आतून न पोखरलेली महोगनी. १९५०च्या दशकात या गोष्टी कोणी बोलूनही दाखवत नसे. २०१९ मध्ये त्यांचे एवढे स्वागत का झाले, हे त्याआधीच्या चार-पाच वर्षांत शोधावे लागते.

फार जुने उगाळण्यात अर्थ नाही. लेस पॉल १९५२ची, हंबकर हा तारांची कंपने टिपणारा पिकअप १९५७चा, सनबर्स्ट रंगछटेची लेस पॉल १९५८ची. १९६१च्या सुमारास कंपनीने तो जाड, एका बाजूने कापलेला आकार बंदच केला आणि त्याच नावाने पातळ, दोन शिंगांची गिटार काढली. तीच पुढे एसजी झाली. त्यानंतर ब्रिटनमधल्या ब्लूज वादकांनी जुन्या लेस पॉल शोधून वाजवायला सुरुवात केली आणि १९६८ मध्ये मूळ आकार परत आणावा लागला. वादकांना न विचारता बदल करायचा आणि काही वर्षांनी मागे यायचे, हे या कंपनीत २०१५ मध्ये पहिल्यांदा घडले नाही, एवढ्यासाठीच हा उल्लेख.

१९७०च्या दशकात दर्जा घसरल्याची तक्रार वाढत गेली. तीन तुकड्यांचे नेक आणि थर चिकटवून केलेली बॉडी आजही त्या काळाची खूण मानली जाते. १९८४ मध्ये कालामाझूचा कारखाना बंद झाला, १९८६ मध्ये कंपनी सुमारे ५० लाख डॉलरना नव्या मालकांकडे गेली, आणि त्यांनी ती खरोखर सावरली. पुढच्या चुका मोजताना हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

डिसेंबर २००७ मध्ये स्वतःच सूर लावणारी ‘रोबोट’ लेस पॉल आली. तंत्र एका जर्मन कंपनीचे होते. तारा छेडल्या की यंत्रणा त्यांची कंपने ओळखते आणि छोट्या मोटरी खुंट्या फिरवून सूर जुळवतात. तीच कल्पना डार्क फायर, फायरबर्ड एक्स, मिन-ईट्यून अशा नावांनी पुढे सरकली. ही वेगळी मॉडेले होती तोवर भांडण नव्हते. ज्याला हवी तो घ्यायचा, बाकीचे साधी घ्यायचे. एकाच कार्यक्रमात स्टँडर्ड, ड्रॉप-डी आणि ओपन-जी अशा तिन्ही मेळांत (तारांचे सूर लावण्याच्या पद्धतींत) वाजवणाऱ्याला ही यंत्रणा उपयोगी होती, आणि तिला सरसकट खेळणे म्हणणे अन्यायाचे आहे.

वाद पेटला तो २०१५च्या मालिकेने. २०१४च्या उत्तरार्धात ती जाहीर झाली तेव्हा नॅशव्हिलमध्ये बनणाऱ्या जवळपास सगळ्या लेस पॉल आणि एसजीवर जी-फोर्स ही बॅटरीवर चालणारी, स्वतः सूर लावणारी यंत्रणा बसवलेली होती. नेक सुमारे अडीच मिलिमीटरने रुंद झाला. नेकच्या टोकाला तारांना आधार देणाऱ्या नटाच्या जागी उंची कमी-जास्त करता येणारा पितळी झीरो फ्रेट-नट (नटालगत एक जादा पडदा असलेला) आला. हेडस्टॉकवरची (खुंट्या बसवलेल्या टोकावरची) ओळखीची अक्षरे काढून लेस पॉल यांच्या जन्मशताब्दीनिमित्त ‘लेस पॉल १००’ अशी सही आली, मागे होलोग्राम चिकटवला गेला. किमतीही बऱ्याच वाढल्या.

एकेक बदल वेगळा काढून पाहिला तर त्यात अपराध दिसत नाही. झीरो फ्रेट जुनाच आहे. युरोपातल्या कितीतरी गिटारींवर तो होता, आणि त्यामुळे मोकळ्या तारेचा आवाज दाबलेल्या तारेच्या जवळ जातो. फिंगरबोर्डाच्या (नेकवरच्या, तारा दाबायच्या पट्टीच्या) कडेला जागा वाढली की वरची ई, म्हणजे सर्वांत बारीक तार, दाबताना घसरून खाली जात नाही. ज्यांची बोटे जाड आहेत त्यांना तो नेक आवडला, आजही आवडतो. खोट होती ती हे सगळे एकत्र, एकाच वर्षी आणि पर्याय न ठेवता लादण्यात. दुकानात गेलेल्याला त्या वर्षीची साधी लेस पॉल मागायची सोयच उरली नव्हती. वीस वर्षे एकाच रुंदीच्या नेकवर वाजवणाऱ्याचा हात त्या रुंदीवर बसलेला असतो. त्याला अडीच मिलिमीटर म्हणजे वाद्यच बदलल्यासारखे वाटते, आणि ते नखरे नव्हेत. खुंट्या तरी बदलता येतात. नवी छिद्रे न पाडता जी-फोर्स उतरवून साध्या खुंट्या बसतात आणि अनेकांनी तेच केले. पण आधी नको असलेल्या यंत्रणेचे पैसे मोजायचे, मग ती काढून दुसऱ्या खुंट्यांचे, असा तो व्यवहार झाला. नेकची रुंदी तर बदलताच येत नाही.

त्या वर्षीच्या गिटारी पुढे मोठ्या सवलतीत निघाल्या. २०१६च्या मालिकेत कंपनीने दोन वाटा केल्या : ‘टी’ म्हणजे पारंपरिक, साध्या खुंट्यांची, आणि ‘एचपी’ (हाय परफॉर्मन्स) म्हणजे जी-फोर्स, रुंद नेक आणि या वेळी टायटॅनियमचा झीरो फ्रेट-नट असलेली, अधिक महाग. हा शहाणपणा एक वर्ष आधी सुचला असता तर २०१५ची आज जी बदनामी आहे ती झाली नसती. जी-फोर्स २०१८पर्यंत एचपीवर टिकून राहिली.

त्याआधी लाकडाचे प्रकरणही झाले होते, आणि त्याचा एक धागा भारतात येतो. २००९ आणि २०११ मध्ये अमेरिकी यंत्रणांनी कंपनीच्या कारखान्यांवर छापे घातले. पहिला मादागास्करच्या एबनी या काळ्या लाकडावरून, दुसरा भारतातून आलेल्या शिसवी आणि एबनीच्या फिंगरबोर्डांवरून. भारतीय कायद्याप्रमाणे तो तुकडा निर्यातीला बंदी असलेले कच्चे लाकूड ठरतो की वाद्याचा तयार भाग, यावर दुसरे प्रकरण अडले होते. ऑगस्ट २०१२ मध्ये तडजोड झाली, कंपनीने ३ लाख डॉलरचा दंड भरला आणि भारतीय लाकूड तिला परत मिळाले. मधल्या काळात काही मॉडेलांवर भाजलेल्या मेपलचे किंवा रिचलाइट या कृत्रिम द्रव्याचे फिंगरबोर्ड आले. गिऱ्हाइकाचा विश्वास तिथूनच थोडा हलला होता.

तरीही दिवाळखोरीचे खापर रोबोट खुंट्यांवर फोडणे चूक आहे. १ मे २०१८ रोजी कंपनीने न्यायालयाकडे संरक्षण मागितले. तेव्हा कर्ज ५० कोटी डॉलरपर्यंत गेले होते आणि त्यामागे मुख्यतः घरगुती ऑडिओचा धंदा होता. २०१४ मध्ये एका डच कंपनीचा ऑडिओ विभाग १३.५ कोटी डॉलरना घेतला गेला, तो पेलला नाही. गिटारी विकल्या जातच होत्या. जानेवारी २०१८ मध्ये मात्र कंपनी वाद्यांच्या प्रदर्शनाऐवजी लास वेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात गेली, यावरून तिचे लक्ष कुठे होते ते दिसते. त्या वर्षाअखेरीस मालकी आणि वरचे व्यवस्थापन दोन्ही बदलले.

म्हणून २०१९ची पहिली छाप इतकी अनुकूल होती. ‘ओरिजिनल’ आणि ‘मॉडर्न’ असे दोन गट पडले. लेस पॉल स्टँडर्ड ‘फिफ्टीज’ जाड नेकची आणि ‘सिक्स्टीज’ सडपातळ नेकची, दोन्ही भरीव बॉडीच्या. रोबोट पूर्ण गेला. दरवर्षी त्याच गिटारीच्या नावापुढे नवा आकडा लावून काहीतरी बदलल्याचे दाखवायची पद्धतही इथे थांबली. माझ्या मते हा त्या वर्षीचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

कौतुक फार टिकले नाही. त्याच उन्हाळ्यात इतर गिटारकारांना आकारांच्या हक्कांवरून इशारा देणारी एक चित्रफीत कंपनीने प्रसिद्ध केली आणि रोष पाहून मागे घेतली. एका स्पर्धकावरचा खटला पुढे २०२२ मध्ये ज्यूरीसमोर गेला. ऑगस्टमध्ये शेकडो फायरबर्ड एक्स अवजड यंत्राखाली चिरडल्याची दृश्ये बाहेर आली. त्या विकण्याजोग्या नव्हत्या असे कंपनीचे म्हणणे होते. त्या शाळांना द्यायला हव्या होत्या, असे अनेक वादकांचे.